पूल ओलांडून डाव्या हाताला

१

वस्तीची पाटी कुणीतरी काढून नेली होती आणि त्या पाटीपायी शाळेच्या बाई जिवाला मुकल्या होत्या. निदान वस्तीतल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच होतं.

बाईंची धाकटी बहीण पोलिसांत होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे तिला अजून फौजदारबाईच म्हणत. त्यांच्या कानावर ही गोष्ट पडली ती टॅक्सीतून उतरता उतरता, आणि तीही उशिरानं. सख्ख्या बहिणीला शेवटचा निरोप द्यायला तरी माणसानं वेळेवर पोचावं. पण भाचीनं फोनवरून नीट पत्ता सांगूनही टॅक्सीवाला चुकला. तो पूल ओलांडून थेट बंद पडलेल्या खाणीच्या फाटकापाशी गेला आणि तिथल्या राखणदारानं मागे पिटाळला, तेव्हा कुठे वस्ती सापडली.

लोक ताटकळत उभे होते.  भाची ओट्यावर उभी राहून रस्त्याकडेच बघत होती. ती खाली आली, मावशीच्या गळ्यात पडली आणि एवढंच म्हणाली, "सापडलं ना?"

"सापडलं गं बाळा."

भाचीचे हात गार पडले होते.

"बाईंच्या वेळी असंच झालं," दूधवाल्या काकू मागून पुटपुटल्या. "अँब्युलन्स अशीच पुढे निघून गेली. पाटीच नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला तरी कळणार कसं? गाडी परत येईपर्यंत बाईंनी मान टाकली. सकाळी बघतो तर नुसते खांब."

फौजदारबाईंनी मागे वळून पाहिलं. वळणावर, वस्तीतल्या एकुलत्या दुकानाच्या समोर, दोन लोखंडी खांब उभे होते आणि त्यांच्यामधून पलीकडचं मोकळं आभाळ दिसत होतं.

"कुणी काढली ते आम्हाला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "परवा सकाळी शाळेच्या ओट्यावर सगळे जमतोय. त्या दुकानदाराला सांगणार, गाशा गुंडाळ आणि चालता हो."

२

वस्तीला वस्तीच म्हणायचं, कारण गाव म्हणावं तर सरकारदरबारी तिची नोंद नव्हती. पश्चिमेच्या शहरातले साहेब म्हणत, आमची हद्द ओढ्यापाशी संपते. पूर्वेचे म्हणत, आमची नदीपाशी. ओढा आणि नदी यांच्यामधल्या माळावर ही घरं होती, आणि मोबाईलच्या नकाशावर तिथे रस्त्याच्या रेघेशिवाय काही नव्हतं. दिवे लागले ते लोकांनी हेलपाटे घालून, शाळा सुरू झाली ती बाईंनी स्वतःची खोली देऊन. पाटीही लोकांनीच पत्रा कापून लावलेली.

इतिहास म्हणाल तर तोही बाईंनीच म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून गोळा केला होता. नदीपलीकडे खाण होती आणि खाणीला लागून भरभराटीचा बाजार. खाणीच्या जागेत राहिलं की नोकरीबरोबर छप्परही जातं, हे पाहून काही कामगार बायकामुलांना घेऊन पूल ओलांडून इकडे आले आणि कुणाच्याच नसलेल्या या माळावर घरं बांधून राहिले. पुढे खाण आटली, बाजार ओस पडला. मग पश्चिमेकडून डांबरी रस्ता आला, त्या बाजूला शहर वाढलं, दवाखाने झाले. वस्ती जागची हलली नाही. जग मात्र तिच्या पाठीमागे जाऊन बसलं.

शाळेच्या खोलीच्या भिंतीवर बाईंच्या अक्षरात दोन ओळी रंगवलेल्या होत्या. वस्तीत जन्मलेलं प्रत्येक पोर मुळाक्षरांच्या आधी त्या शिकायचं. कुठे हरवलं तर काय सांगायचं, त्याची ती कविता:

पूल ओलांडून डाव्या हाताला,
आमचं घर त्याच वाटेला.

दुसऱ्या दिवशी फौजदारबाईंनी त्या अक्षरांवरून बोटं फिरवली. ताईच्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा जुन्या बाजारावरून येणारी बस होती. ताईनं पत्ता हाच सांगितला होता आणि त्या न चुकता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर नोकरीच्या धबडग्यात येणं झालंच नाही. ताई दरवेळी फोनवर म्हणायची, "चोरांच्या घरी जातेस, बहिणीच्या घरी यायला तेवढा वेळ नाही." आता वेळच वेळ होता आणि ताई नव्हती. त्या खाली मुलांच्या बाकावर बसल्या आणि तिथे कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणानं रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी मेहुण्यांसमोर विषय काढला. मेहुणे पंप दुरुस्त करायचे. आसपासच्या साऱ्या विहिरींवर त्यांचा हात फिरलेला, म्हणून लोक त्यांना पंपवाले म्हणत.

"भाऊजी, पाटी कुणी काढली असेल?"

"जाऊ दे ना, फौजदार," ते मान वर न करता म्हणाले. "ती काही परत येणार आहे का?"

"ती नाही येणार. पण उद्या एका माणसाचं दुकान उठणार आहे."

हातातला वॉशर पुसता पुसता त्यांचा हात थांबला.  आतल्या खोलीत भाची आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती.

३

फौजदारबाई आधी खांबांपाशी गेल्या. चोरी म्हटली की जागा पाहायची, ही खोड निवृत्त होत नाही. पाटी ओरबाडलेली नव्हती, पाना लावून नीट सोडवलेली होती. बोल्ट खांबांच्या भोकांत परत घातलेले होते आणि प्रत्येक बोल्टावर ज्याचं त्याचं नट पुन्हा फिरवून बसवलेलं होतं. त्यांनी सगळी नटं हलवून पाहिली. एकही सैल नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी चोर पाहिले होते, पण इतका टापटिपीचा कधी पाहिला नव्हता.

दूधवाल्या काकू कॅन घेऊन चालल्या होत्या. त्यांना थांबवायची गरजच नव्हती, त्या थांबायच्या बेतानंच आल्या होत्या.

"दुकानदाराचंच काम. पाटीवरून बाईंशी हाडवैर होतं त्याचं."

"पाटीवरून कसलं वैर?"

"अहो, पाटीला अक्षरं एकाच बाजूला, आणि ते तोंड पुलाकडे. शहराकडून येणाऱ्याला नुसता कोरा पत्रा दिसतो. हा म्हणायचा, आता सगळे शहराकडून येतात, पाटी फिरवू या. बाई म्हणाल्या, आपण जिथून आलो तिकडेच आपलं तोंड राहील. पत्र्याला दोन्ही बाजूंनी रंग लावायलाही तयार नव्हत्या. तेव्हा चिडून सगळ्यांदेखत म्हणाला की, एक दिवस मीच उपटून फिरवतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

"आणि तुम्ही? माळावर गाड्या येतात, म्हशी बुजतात, पाटी जाळून टाका, असं तुम्हीही म्हणाला होता म्हणे."

काकूंनी कॅन खाली ठेवला. "म्हणाले होते. माझं तोंड आहेच तसं. पण बाईंनी माझ्या दोन्ही लेकींना शिकवलं. त्यांच्या वाटेत मी काटा टाकीन?" त्यांनी डोळे पुसले आणि कॅन उचलून तरातरा निघून गेल्या.

दुकानदार पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं आडवा, बोलायला तुटक. दुकानातले निम्मे डबे त्यानं आधीच खोक्यांत भरून ठेवले होते.

"पाटी तुम्ही काढलीत?"

"उपटीन असं म्हणालो होतो."

"ते साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. मी विचारलं, काढलीत का?"

तो फडक्यानं तराजू पुसत राहिला. तराजू स्वच्छच होता.

"त्या संध्याकाळी तुम्ही दुकानात होतात. अँब्युलन्स समोरून गेली, परत आली. काही पाहिलंत?"

"गिऱ्हाईक होतं."

"कोण गिऱ्हाईक?"

आता त्यानं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, आणि हा माणूस आपल्याइतकाच रडला आहे हे पाहून फौजदारबाई चपापल्या.

"बाईंच्या पहिल्या वर्गातला मी," तो म्हणाला. "भांडायचो, कारण भांडण्याइतकं जवळचं माझं दुसरं कुणी नव्हतं. फौजदारबाई, एक सांगतो. शोधू नका. सापडेल."

४

एवढं ऐकल्यावर कुठला पोलीस गप्प बसेल? त्या पूल ओलांडून खाणीकडे चालत निघाल्या. खाणीचा राखणदार भंगार विकतो, अशी वस्तीत कुजबुज होती, आणि पाटी पत्र्याचीच होती.

राखणदार फाटकाला टेकून उन्हात बसला होता. प्रश्न ऐकून हसला. "पत्रा चोरायला मी तिथवर कशाला तंगडतोड करीन? इथे अख्खी खाण गंजत पडलीय."

ते खरंच होतं. फौजदारबाईंनाही क्षणभर हसू आलं.

"अँब्युलन्स तुमच्याकडे आली होती?"

"सरळ माझ्या फाटकाशी. तुमची टॅक्सी आली तशीच. ड्रायव्हर घामाघूम. म्हणाला, पूल ओलांडला, डावीकडे वळलो, वस्ती कुठे आहे? मी म्हटलं, बाबा, वस्ती मागे राहिली. उलटा जा."

"डावीकडे वळलो, असं म्हणाला?"

"असंच. पुलाच्या या अंगाला डावीकडे माझ्या फाटकाशिवाय आहे काय?"

फौजदारबाईंनी तिथूनच शहरातल्या दवाखान्याला फोन लावला. दोन-तीन जणांनी इकडून तिकडे फिरवल्यावर अँब्युलन्सचा ड्रायव्हर मिळाला. आवाज तरुण आणि खचलेला होता.

"मॅडम, माझी चूक नाही हो. जसं सांगितलं तसा गेलो."

"तुम्हाला कुणी बोल लावत नाही. एवढंच सांगा, वळणावर पाटी नव्हती म्हणून तुम्ही पुढे गेलात ना?"

"पाटी? पाटी होती की. जाताना एक कोरा पत्रा दिसला, मी लक्ष दिलं नाही. परत येताना हेडलाइटच्या उजेडात अक्षरं चमकली, म्हणून तर वळलो."

फौजदारबाईंनी फाटकाचा गज धरला. म्हणजे ताई गेली तेव्हा पाटी जागेवर होती.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"तेव्हाच सांगितलं. घरी पोचलो तर सगळं संपलं होतं. दारात एक काका उभे होते. उशीर का झाला म्हणाले, त्यांना सगळं सांगितलं. का? त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

५

परतताना त्या पुलाच्या पूर्वेच्या टोकाला उभ्या राहिल्या, तोंड वस्तीकडे करून. इथून चालायला लागलं की पूल ओलांडायचा, डाव्या हाताला वळायचं, समोर घर. कवितेत तसूभर चूक नव्हती. ताईनं त्यांना सांगितलेल्या पत्त्यातही नव्हती.

मग त्या पूल ओलांडून वस्तीच्याही पुढे शहराकडे थोड्या चालत गेल्या आणि तिथून मागे फिरल्या. आता वळण पुलाच्या अलीकडेच आलं, आणि उजव्या हाताला. पूल ओलांडून डावीकडे वळावं तर खाणीचं फाटक.

पहिली माणसं बाजाराकडून आली, म्हणून वस्ती आपला पत्ता अजून बाजाराकडून सांगत होती. बाजार उरला नाही, बस उरली नाही, पण कविता उरली. वस्तीतल्या माणसाला त्यात काही खटकणं शक्यच नव्हतं. आपल्या घराचा रस्ता कुणी तपासून बघत नाही.

आणि त्या संध्याकाळी आईचा श्वास कोंडला तेव्हा घरात फोन करणारं एकच माणूस होतं.

पंपवाले घरामागच्या शेडमध्ये होते. समोर एक पंप उघडून पसरलेला. फौजदारबाई शेजारच्या खोक्यावर बसल्या. काढलेला प्रत्येक बोल्ट ओळीनं मांडलेला होता, आणि प्रत्येकावर त्याचं नट फिरवून बसवलेलं होतं.

"ताई हसायची तुम्हाला," त्या म्हणाल्या. "म्हणायची, आमच्याकडे नटाला बोल्टापासून क्षणभर वेगळं ठेवत नाहीत."

पंपवाल्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पाटी कुठे आहे, भाऊजी?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जुन्या चादरीत गुंडाळलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता.

"ड्रायव्हर सांगून गेला," ते म्हणाले. "मुलीनं जसं सांगितलं तसा गेलो म्हणाला. ती आत आईचे पाय चोळत बसली होती. तिला वाटत होतं, अजून ऊब आहे. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात आलं, हे हिला कळलं तर ही कशी जगेल? आईनं शिकवलेलंच तर सांगितलं पोरीनं. मी फोन केला असता तर मीही तेच सांगितलं असतं. उजाडता उजाडता जाऊन पाटी काढली. म्हटलं, पाटी नव्हती म्हणून गाडी चुकली, असं होईल. रस्त्यावरचा कुणी चोर होता, असं होईल. त्या बिचाऱ्या दुकानदारावर येईल असं डोक्यातच आलं नाही हो."

"त्याच्यावर आल्यावर तरी बोलायचं होतं."

"सारखं ठरवतो. आणि मग ती समोर येते."

"त्यानं तुम्हाला पाहिलंय, भाऊजी. दुकान वळणावरच आहे. पाटी होती हेही त्यानं पाहिलं, कुणी काढली तेही पाहिलं. तरी डबे बांधून बसलाय."

पंपवाल्यांनी ग्रीसनं माखलेले हात तोंडावर धरले. फौजदारबाईंनी आयुष्यात कितीतरी गुन्हेगारांकडून कबुली घेतली होती. ही ऐकून त्यांना उठता येईना.

६

सकाळी शाळेच्या ओट्यावर सगळी वस्ती जमली. राखणदारही पूल ओलांडून आला होता. दुकानदार एका कडेला, हाताची घडी घालून उभा. काकूंनी बोलायला तोंड उघडलं तोच पंपवाले पुढे झाले.

"पाटी मी काढली. ती गेल्यावर, सकाळी. गाडी आली तेव्हा पाटी होती. याचा काही दोष नाही. दोष असला तर माझा, की मी गप्प बसलो."



"पण का?" काकूंनी विचारलं.

"बघवत नव्हती," ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

मागून कुणीतरी विचारलंच, "पाटी होती, तर मग गाडी पुढे गेली कशी?"

भाची शाळेच्या दारात उभी होती, बरोबर त्या दोन ओळींच्या खाली. पंपवाल्यांनी फौजदारबाईंकडे पाहिलं. खोटं बोलायचं म्हटलं की फौजदारबाईंची जीभ अजून अडखळायची.

"धुकं होतं," दुकानदार म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी आभाळ निरभ्र होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. राखणदारानं दुकानदाराकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग भिंतीवरच्या ओळींकडे, आणि खाली बघत म्हणाला, "खाणीकडेही होतं."

दूधवाल्या काकूंना कळायला सर्वांत जास्त वेळ लागला.  मग त्या ठणकावून म्हणाल्या, "होतं हो. चांगलं दाट होतं. माझ्या म्हशी दिसेनात मला." त्यानंतर जो तो धुक्याबद्दल बोलू लागला.

भाची दारातून हलली आणि घराकडे निघाली. पदरानं तोंड पुसत काकू दुकानदारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "डबे सोडा ते. माझं मीठ संपलंय."

फौजदारबाई सामान आवरायला घरी आल्या. गुन्हा उकलला होता, निरपराध सुटला होता, आणि मन इतकं जड कधी झालं नव्हतं. पंपवाले दाराशी बसून पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूला रंगाचा पहिला हात देत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, टॅक्सी मी बोलावते," भाची म्हणाली.

"अगं, मी सांगते पत्ता."

"नको. मी सांगते."

तिनं फोन लावला. दाराशी पंपवाल्यांचा ब्रश थांबला.

"हो, शहराकडून या," भाची म्हणत होती. "पूल... पूल ओलांडू नका. पुलाच्या अलीकडेच. उजव्या हाताला." तिनं पलीकडचं ऐकलं. "हो, उजव्या. नक्की."

फोन ठेवून ती मावशीकडे वळली. आवाज इतका हळू होता की तो दारापर्यंत जाऊ नये अशी तिची इच्छा असावी.

"तू आलीस त्या दिवशी मी ओट्यावर उभी होते. तुझी टॅक्सी वळणावरून पुढे गेली, पूल चढली. मीच सांगितलं होतं ना त्याला. तेव्हाच कळलं मला. बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटतंय, मला माहीत नाही. त्यांना तेवढाच आधार आहे."

फौजदारबाईंनी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून त्यांना दार दिसत होतं. पंपवाले ब्रश हातात तसाच धरून बसले होते. रंग पत्र्यावर न पडता त्यांच्या पायावर ठिबकत होता, आणि ते आत बघत नव्हते, कारण आत बघितलं असतं तर ऐकू आलं हे लेकीला कळलं असतं.

टॅक्सी वेळेवर आली.